स्कोअरशीटपासून पुस्तकापर्यंत: बेळगावात राहून क्रिकेट लिहायचं तर

लेले मैदानावर किंवा सरदार्स हायस्कूलच्या मैदानावर रविवारी टेनिस बॉल स्पर्धेचा अंतिम सामना संपतो. बक्षीस समारंभ होतो. तासाभरात वृत्तपत्राच्या कचेरीत व्हॉट्सअ‍ॅपवर तीन गोष्टी येऊन पडतात: करंडकासह विजेत्या संघाचा फोटो, व्यासपीठावरच्या मान्यवरांची भलीमोठी यादी आणि स्कोअरशीटचा तिरका, निम्मा अंधारात गेलेला फोटो. पहिल्या दोन गोष्टी छापायला क्रिकेट कळावं लागत नाही. तिसरीतून बातमी काढता येणारा माणूस क्रीडा विभागाला हवा असतो. क्रिकेट पत्रकाराचं करिअर बहुतेक वेळा इथूनच सुरू होतं.

सीमाभागातल्या नवख्याला एक सोय आहे, ती मुंबई-पुण्यातल्या नवख्याला सहसा मिळत नाही. तिकडे क्रीडा विभागात शिरलेल्या मुलाच्या पुढ्यात आधी वृत्तसंस्थेच्या बातम्या भाषांतराला येतात. इकडे तरुण भारत, पुढारी, सकाळ यांच्या बेळगावच्या पानांवर येळ्ळूर, हिंडलगा, खानापूर, निपाणीच्या स्पर्धांनाही जागा असते. म्हणजे पहिल्याच आठवड्यात खरा सामना, खरे आकडे आणि दुसऱ्या दिवशी फोनवर भांडणारा खरा वाचक. पत्रकारितेची पदवी राणी चन्नम्मा विद्यापीठात किंवा कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात घेता येते. कायदा, संपादन, मुलाखतीचं तंत्र यासाठी ती घ्यावीही. स्कोअरशीट मात्र स्वतःच शिकायची असते.

आधी हिशेब

स्कोअरशीट हातात आली की शतक कुणाचं, हे नंतर बघायचं. आधी चार ताळे करायचे.

पहिला: सर्व फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर म्हणजे संघाची एकूण धावसंख्या. दुसरा: सर्व गोलंदाजांनी दिलेल्या धावा अधिक बाय अधिक लेगबाय, म्हणजेही तीच धावसंख्या. वाईड आणि नो-बॉल गोलंदाजाच्या खात्यात आधीच धरलेले असतात, ते पुन्हा मिळवायचे नाहीत. पंचांनी दंडाच्या पाच धावा दिल्या असतील तर त्या कुठल्याच गोलंदाजाच्या नावावर जात नाहीत.

आकडे घेऊन पाहू. संघाच्या १४८ धावा आहेत. फलंदाजांच्या मिळून १३१, अवांतर १७. त्यात वाईड ९, नो-बॉल ३, बाय १, लेगबाय ४. गोलंदाजांच्या रकान्याची बेरीज १४३ यायला हवी. ती १४८ आली, तर स्कोअररने बाय-लेगबायही गोलंदाजाच्या माथी मारले आहेत. १३१ आली, तर वाईड-नोबॉल धरलेलेच नाहीत. बेरीज कितीने चुकली त्यावरून चूक कुठली ते कळतं, म्हणून ताळा जमला नाही तर फोन करण्याआधी फरक लिहून काढावा. आयोजकाला ‘स्कोअर चुकलाय’ म्हटलं की तो चिडतो. ‘चार लेगबाय कुणाच्या नावावर टाकलेत?’ विचारलं की तो वही उघडतो.

तिसरा ताळा चेंडूंचा. फलंदाजाने खेळलेल्या चेंडूंत नो-बॉल धरतात, वाईड धरत नाहीत. पूर्ण २० षटकं झाली आणि तीन नो-बॉल पडले, तर सर्व फलंदाजांच्या चेंडूंची बेरीज १२३ होते. १२० आली तर नो-बॉल विसरले; १२३च्या वर गेली तर बहुधा वाईड घुसले. क्रिकहीरोजसारख्या अ‍ॅपवर धावा टिपल्या असतील तर हा हिशेब आपोआप होतो. पण अ‍ॅपवर नोंद करणारा मुलगा मध्येच चहाला गेला तर एक अख्खं षटक चुकीच्या गोलंदाजाच्या नावावर पडलेलं असतं, आणि तिथे बेरीज चोख जुळते. म्हणून अ‍ॅपवरच्या सामन्यातही एका गोलंदाजाचं पृथक्करण (षटकं, निर्धाव, धावा, बळी) तरी दोन्ही संघांपैकी कुणाकडून ताडून घ्यावं.

चौथा ताळा बळींचा. त्रिफळाचीत, झेलबाद, पायचीत, यष्टीचीत आणि स्वयंचीत हे गोलंदाजाचे बळी. धावबाद, क्षेत्ररक्षणात अडथळा, टाइम्ड आऊट, चेंडू दोनदा मारणं आणि ‘रिटायर्ड आऊट’ हे गोलंदाजाचे नव्हेत. वाईड चेंडूवर फलंदाज यष्टीचीत झाला तर बळी गोलंदाजाला मिळतो, पण तो चेंडू षटकात मोजला जात नाही. त्यामुळे चेंडू शून्य आणि बळी एक अशी नोंद कधी दिसली तर ती चूकच असेल असं नाही. ‘रिटायर्ड हर्ट’ झालेला फलंदाज सरासरीसाठी नाबाद धरतात. ‘रिटायर्ड आऊट’ झालेला बाद धरतात. गावच्या स्कोअरशीटवर दोघांपुढेही नुसतं ‘रिटायर’ लिहिलेलं असतं. विचारूनच घ्यावं.

गोलंदाजाचे चार आकडे वाचता आले की सामना दिसू लागतो. गदगच्या सुनील जोशीने १९९९ मध्ये नैरोबीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध एकदिवसीय सामन्यात १०-६-६-५ अशी गोलंदाजी केली होती. दहा षटकं, सहा निर्धाव, सहा धावा, पाच बळी. नवखा बातमीदार ‘पाच बळी’ लिहून मोकळा होतो. सहा षटकं निर्धाव गेली आणि उरलेल्या चार षटकांत मिळून सहाच धावा निघाल्या, हे ज्याला त्या चार आकड्यांत दिसतं, त्याच्या बातमीचं पहिलं वाक्य वेगळं होतं.

आता सगळ्यांत जास्त घोटाळा होणारी गोष्ट: नेट रनरेट, म्हणजे गुण सारखे झाले की गटात वर कोण हे ठरवणारा आकडा. सूत्र सोपं आहे. संघाने केलेल्या धावा भागिले खेळलेली षटकं, वजा दिलेल्या धावा भागिले टाकलेली षटकं. घोटाळा दोन ठिकाणी होतो. १८.२ षटकं म्हणजे अठरा षटकं आणि दोन चेंडू. गणकयंत्रात १८.२ टाकलं की उत्तर चुकलं. दोन चेंडू म्हणजे दोन षष्ठांश, म्हणून १८.३३३ टाकायचे. दुसरं, संघ सर्वबाद झाला तर त्याने प्रत्यक्ष खेळलेली षटकं न धरता पूर्ण वाट्याची षटकं धरतात. अ संघ २० षटकांत १६० आणि ब संघ १८.२ षटकांत सर्वबाद १४०: अ संघाचा रनरेट ८ वजा ७, म्हणजे +१.०००. कुणी १४० ला १८.३३३ ने भागलं तर ७.६३६ येतं आणि अ संघाचं +०.३६४ होतं. याच फरकाने गटातला संघ बाहेर जातो आणि सोमवारी सकाळी कचेरीत माणसं येतात. उलट स्थिती पाहा. अ संघाने २० षटकांत १४० केल्या आणि ब संघाने १८.२ षटकांत १४१ गाठल्या, तर ब संघाची खरी षटकंच धरायची: ७.६९१ वजा ७, म्हणजे +०.६९१. स्पर्धेतला एकूण रनरेट काढताना प्रत्येक सामन्याच्या रनरेटची सरासरी काढायची नसते. सर्व सामन्यांच्या धावा आणि षटकं वेगवेगळी मिळवून शेवटी एकदाच भागायचं.

पावसाच्या सामन्यात लक्ष्य नव्याने ठरवणारा डकवर्थ-लुईस-स्टर्नचा तक्ता येतो. त्यात ‘पार’ धावसंख्या आणि लक्ष्य यांत एका धावेचा फरक असतो. पार म्हणजे बरोबरीची धावसंख्या, जिंकायला त्यापेक्षा एक जास्त. खेळ थांबला त्या क्षणी पारपेक्षा पाच धावा जास्त असतील तर संघ पाच धावांनी जिंकला असं लिहायचं. आणि पार बळींवरही अवलंबून असतो; एक गडी पडला की त्याच षटकात पार वर जातो.

एक बाब बेळगावच्या संदर्भात नेहमी चुकीची लिहिली जाते. २०१९ मध्ये ऑटोनगरच्या केएससीए (कर्नाटक राज्य क्रिकेट संघटना) मैदानावर भारत ‘अ’ आणि श्रीलंका ‘अ’ यांच्यात सामने झाले. चार दिवसांच्या सामन्यात अभिमन्यू ईश्वरनने २३३ धावा केल्या, पुढे एकदिवसीय सामन्यात ऋतुराज गायकवाडने १३६ चेंडूंत नाबाद १८७. या सामन्यांना ‘अनधिकृत कसोटी’ आणि ‘अनधिकृत एकदिवसीय’ म्हणतात, म्हणून काही जण हे आकडे प्रदर्शनी सामन्याचे समजून सोडून देतात. वस्तुतः ईश्वरनच्या धावा प्रथम श्रेणीच्या नोंदीत जातात आणि गायकवाडच्या लिस्ट ‘अ’च्या, म्हणजे एकदिवसीय धर्तीच्या सामन्यांच्या. ‘अनधिकृत’ याचा अर्थ एवढाच, की त्या आंतरराष्ट्रीय कारकिर्दीत मोजल्या जात नाहीत. टेनिस बॉलच्या धावा मात्र कुठल्याच अधिकृत नोंदीत नसतात. ‘विक्रम’ हा शब्द तिथे जपून वापरावा, नाहीतर ‘स्पर्धेतील सर्वोच्च’ म्हणावं.

घड्याळ

स्थानिक सामन्याची बातमी अडीचशे ते साडेतीनशे शब्दांची. त्यात काय आधी? निकाल, फरक, निर्णायक कामगिरी, मग सामना कसा फिरला, शेवटी संक्षिप्त धावफलक आणि बक्षिसं. प्रमुख पाहुणे सगळ्यात खाली. आयोजक पाहुण्यांची नावं वर घ्या म्हणून गळ घालतात, कारण त्यांनाही पुढच्या वर्षी पुरस्कर्ता लागणार असतो. त्यांची अडचण खरी आहे, पण वाचक चाळीस धावा ठोकणाऱ्या पोराचं नाव शोधत असतो. पाहुण्यांची नावं फोटोच्या ओळीत घातली की दोघांचंही भागतं.

खरी कसोटी आयपीएलच्या रात्री लागते. सामना साडेसातला सुरू होतो, पहिला डाव नऊनंतर संपतो आणि निकाल अकराच्या पुढे. निपाणी, चिकोडी, खानापूरकडे जाणारी डाक आवृत्ती त्याआधीच सोडावी लागते, शहर आवृत्ती उशिरा. म्हणून बातमी उलटी लिहितात. पहिला डाव संपला की त्याचे दीडशे शब्द पक्के करून ठेवायचे. दुसऱ्या डावात दर पाच षटकांनी चार-पाच ओळी जोडायच्या. पंधरावं षटक संपलं की दोन सुरुवाती लिहून तयार ठेवायच्या, एकेका विजेत्याची एक. शेवटचा चेंडू पडला की एक सुरुवात वर चिकटवायची, दुसरी खोडायची, आकडे भरायचे. यात चुका ठरलेल्या होतात: खोडायची राहिलेली सुरुवात शेवटी तशीच लटकते, किंवा मथळ्यात एक फरक आणि बातमीत दुसरा. उपाय एकच, पान सोडण्याआधी मथळा, पहिलं वाक्य आणि धावफलक एवढ्या तीनच जागा दुसऱ्या माणसाने वाचायच्या. सगळी बातमी वाचायला वेळ नसतो, तसा हट्टही धरू नये.

धावफलकाच्या खुणा एकाच पद्धतीच्या ठेवाव्यात: ‘झे. अमुक गो. तमुक’, ‘पायचीत गो.’, ‘धावबाद’, नाबादसाठी नावापुढे एकच खूण. एका कोष्टकात ‘त्रि.’ आणि दुसऱ्यात ‘बो.’ असं झालं की वाचक गोंधळतो आणि पुढे पुस्तकासाठी कात्रणं काढताना आपणच गोंधळतो.

दोन संघटनांच्या मधोमध

सीमाभागातल्या बातमीदाराला नकाशा पाठ लागतो. निपाणीला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, पण निपाणीचा मुलगा कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेखाली येतो. चंदगडला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ, तिथली मुलं सरावाला बेळगावात येतात, पण त्यांची संघटना महाराष्ट्राची, वाट कोल्हापूर जिल्ह्यातून. बेळगावच्या मुलाची निवड आधी धारवाड विभागात होते, मग राज्यात. रोनित मोरेसारखा वेगवान गोलंदाज याच वाटेने कर्नाटकाच्या रणजी संघापर्यंत गेला. एका राज्यातून दुसऱ्या राज्याकडे जायचं तर आधीच्या संघटनेचा ना-हरकत दाखला लागतो. ‘बेळगावचा खेळाडू महाराष्ट्र संघात’ अशी बातमी आली की हा दाखला मिळाला आहे का, हा पहिला प्रश्न. तो न विचारता छापलेल्या बातम्या पुढच्या महिन्यात गुपचूप विसरल्या जातात.

‘निवड’ या शब्दाचे थर असतात, तेही सांगावे लागतात. चाचणीला बोलावणं, संभाव्य खेळाडूंत नाव येणं, संघात नाव येणं आणि अकरांत खेळणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत. पालक पहिल्या पायरीलाच पेढे घेऊन येतात. पेढे खावेत, बातमीत ‘संभाव्य’ हा शब्द ठेवावा. सोळा वर्षांखालच्या गटात वयाची खात्री करायला हाडांची चाचणी होते. त्यात एखादा मुलगा बाद ठरला तर त्याचं नाव छापू नये. तो अल्पवयीन आहे, माहिती वैद्यकीय आहे, आणि हाडांचं वय जास्त निघालं म्हणजे घरच्यांनी खोटी तारीख दिली असं सिद्ध होत नाही.

भाषेचं इथे भांडवल होतं. विभागाचं पत्रक इंग्रजीत येतं, हुबळीच्या मैदानावर प्रशिक्षक कन्नडमध्ये बोलतो, खेळाडू हिंदीत उत्तर देतो आणि बातमी मराठीत जाते. बेंगळुरूहून आलेल्या बातमीदाराला बेळगाव-खानापूरच्या पोराची आई मोकळेपणी बोलणार नाही, पुण्याहून आलेल्याला हुबळीचा माळी खेळपट्टीबद्दल काही सांगणार नाही. इथल्याला दोन्ही मिळतं. त्यासाठी कन्नड नुसती बोलता येऊन भागत नाही, विजय कर्नाटक किंवा प्रजावाणीचं क्रीडापान रोज वाचता आलं पाहिजे. राज्याच्या वयोगटातल्या क्रिकेटची बातमी तिथे आधी येते. आणखी एक उपयोग नावांचा. दक्षिणेकडच्या इंग्रजी लिखाणात आपल्या ‘त’साठीही बहुधा ‘टीएच’ वापरतात. ते न कळल्याने सुचितचा ‘सुचिथ’ होतो. मिथुनमध्ये मात्र ‘थ’ खराच आहे. शंका आली की कन्नड पेपरातलं नाव बघावं, दहा सेकंदांचं काम आहे.

पास, प्रश्न आणि शब्दांची जबाबदारी

सरकारी अधिस्वीकृतीपत्र म्हणजे मैदानाचा पास नव्हे. आंतरराष्ट्रीय सामन्यासाठी भारतीय क्रिकेट मंडळाकडे मुदतीत वेगळा अर्ज करावा लागतो, सोबत संपादकाचं पत्र. बातमीदार आणि छायाचित्रकारांचे पास वेगळे. जागा मर्यादित असतात आणि मुक्त पत्रकाराचा अर्ज मागे राहतो. त्यामुळे नवख्याने आंतरराष्ट्रीय सामन्याच्या मागे धावण्यापेक्षा हुबळीला रणजीचा किंवा कुठल्याही वयोगटाचा सामना गाठावा. बेळगावहून रेल्वेने वा बसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. तिथे पत्रकार कक्षात गर्दी नसते, धावलेखनिकाच्या शेजारी बसायला मिळतं आणि निवड समितीचा सदस्य सीमारेषेपाशी उभा असतो. पास मिळाला तरी सामन्याचं चित्रण फोनवर करून टाकता येत नाही. चित्रणाचे हक्क प्रक्षेपकाने विकत घेतलेले असतात. खेळाडूशी सामना सुरू असताना बोलायचं नसतं, आणि खेळपट्टी, दुखापत, संघरचना याबद्दल कळलेली माहिती बातमीआधी कुणा ‘ओळखीच्या’ला फोनवर सांगायची नसते. विचारणारा बहुतेक वेळा सट्ट्याच्या साखळीतला असतो, आणि तो आधी कौतुकच करतो.

पत्रकार परिषदेत ‘आज कसं वाटतंय?’ या प्रश्नाला बातमी मिळत नाही. ‘अठराव्या षटकात ऑफस्पिनरला का आणलं?’ याला मिळते. प्रश्नात षटक, चेंडू किंवा क्षेत्ररक्षकाची जागा असावी. खेळाडूला कळतं की समोरच्याने सामना पाहिला आहे.

शब्द जपण्याचं कारण कर्नाटकातच घडलं. २०१९ मध्ये कर्नाटक प्रीमियर लीगमधल्या फिक्सिंगच्या आरोपांवरून बेंगळुरू पोलिसांनी खेळाडूंसह अनेकांना अटक केली. तेव्हा कित्येकांनी ‘फिक्सर’ असं सरळ लिहिलं. जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने सामना निश्चितीला भारतीय दंड संहितेतली फसवणूक म्हणता येत नाही, असं सांगत काही आरोपींवरचा खटला रद्द केला. मंडळाची शिस्तभंगाची कारवाई आणि फौजदारी गुन्हा या दोन वेगळ्या वाटा आहेत, हे ज्याने पहिल्या दिवसापासून लिहिलं त्याला एकही वाक्य मागे घ्यावं लागलं नाही. मानहानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येते. ‘आरोप’, ‘अटक’, ‘आरोपपत्र’, ‘दोषी’ हे चार टप्पे चार शब्दांनी लिहायचे, एवढी शिस्त पुरते.

नोकरी कुठली, लिखाण कुठलं

पगाराच्या बाबतीत स्पष्ट असलेलं बरं. तालुक्याचा वार्ताहर फारच थोड्या मानधनावर काम करतो. क्रीडा उपसंपादक झाल्यावर महिन्याची नोकरी मिळते, पण ती रात्रपाळीची. निव्वळ क्रिकेट लिहून घर चालवणारे मराठीत मोजके. म्हणून आधीच्या लोकांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे.

वि. वि. करमरकर महाराष्ट्र टाइम्समध्ये पूर्णवेळ क्रीडा संपादक होते. मराठी दैनिकात खेळाला स्वतःचं पान मिळवून देण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं, आणि खेळामागचं राजकारण, पैसा, संघटनांचा कारभार हे विषय त्यांनी त्या पानावर आणले. द्वारकानाथ संझगिरी मुंबई महापालिकेत स्थापत्य अभियंता होते. नोकरी सांभाळून त्यांनी दौरे केले, पाक्षिक चालवलं, चाळीसच्या आसपास पुस्तकं लिहिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते गेले. बेळगावातल्या तरुणाला दुसरी वाट जास्त जवळची आहे, असं आमचं मत. शिक्षक, बँक कर्मचारी, वकील असताना आठवड्याचा स्तंभ चालवता येतो, रोजची रात्रपाळी चालवता येत नाही. तिसरी वाट मकरंद वायंगणकरांची. मुंबईच्या मैदानी क्रिकेटवर वर्षानुवर्षं लिहिता लिहिता त्यांना गुणी खेळाडू कुठे हरवतात ते दिसलं, आणि २००२ मध्ये मंडळाने लहान गावांतल्या खेळाडूंचा शोध घेणारी जी योजना सुरू केली तिची कल्पना त्यांची होती. महेंद्रसिंग धोनीचं नाव याच योजनेतल्या निरीक्षकांनी पुढे पाठवलं. स्थानिक क्रिकेटची नोंदवही जपणाऱ्याला कमी लेखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

नोंदवही म्हणजे काय? प्रत्येक सामन्याला एक पान. तारीख, मैदान, चेंडू कुठला, मॅटिंग की माती की टर्फ, पूर्ण धावफलक, तीन निरीक्षणं. निरीक्षण म्हणजे विशेषण नव्हे. ‘सुंदर फलंदाजी’ लिहिलं तर पाच वर्षांनी त्यातून काही निघत नाही. ‘पहिले वीस चेंडू एकही आडवा फटका नाही, ऑफस्पिनरला क्रीझमधून’ लिहिलं तर त्याच पोराची पुढे राज्य संघात निवड झाल्यावर अख्खा लेख निघतो. जून ते सप्टेंबर बेळगावचा पाऊस क्रिकेट होऊ देत नाही. ते चार महिने वह्या संगणकावर उतरवायचे आणि पुस्तकाचे.

पुस्तक

डेमी आकाराच्या १६० पानी पुस्तकात साधारण ४०,००० शब्द मावतात. १६ पानांचा एक फर्मा, म्हणजे दहा फर्मे. आठवड्याला ८०० शब्दांचा स्तंभ वर्षभर चालवला की तेवढे शब्द जमतात, आणि इथेच बहुतेक जण घसरतात: स्तंभ एकापुढे एक लावून पुस्तक करतात. स्तंभात संदर्भ त्या आठवड्याचा असतो, ‘परवाच्या सामन्यात’ असतं, एकाच खेळाडूची ओळख सहा वेळा येते. बावन्नमधले वीस काढावेत, उरलेल्यांत पुनरुक्ती छाटावी आणि निदान एक तृतीयांश मजकूर नवा लिहावा.

विषय स्वतःच्या परिसरातला असेल तर पुस्तकाला आयुष्य मिळतं. फिरकी गोलंदाज बाळू पालवणकरांचंच पाहा. जन्म धारवाडचा, घर मराठी चर्मकाराचं, पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीची निगा आणि नेटमध्ये गोलंदाजी, मग १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात सर्व सामन्यांत मिळून शंभराहून अधिक बळी. त्यांचे भाऊ विठ्ठल १९२३ मध्ये, धर्मवार संघांच्या स्पर्धेत, हिंदू संघाचे कर्णधार झाले. विठ्ठल यांनी मराठीत आत्मचरित्र लिहिलं, ते १९४८ मध्ये आलं. रामचंद्र गुहांनी २००२ मध्ये भारतीय क्रिकेटचा सामाजिक इतिहास इंग्रजीत लिहिला, तेव्हा या मराठी आत्मचरित्राचा त्यांना उपयोग झाला. असा कागद मराठी वाचणाऱ्याला थेट वाचता येतो. युनियन जिमखान्यासारख्या जुन्या क्लबांचे अहवाल, शाळांची वार्षिकं, वृत्तपत्रांच्या बांधीव फायली, निवृत्त पंचांच्या वह्या यांतून बेळगावच्या क्रिकेटचा इतिहास अजून निघायचा आहे. इंग्रजी नोंदी शोधताना ‘बेलगाम’ आणि ‘बेळगावी’ ही दोन्ही स्पेलिंगं टाकावीत. १ नोव्हेंबर २०१४ आधीच्या नोंदी ‘बेलगाम’खाली मिळतात.

मुलाखतींत आठवण आणि नोंद वेगळी ठेवावी. म्हातारे खेळाडू खोटं बोलत नाहीत, पण त्यांच्या ६८ धावांचं पन्नास वर्षांत शतक होतं. आधी गप्पा होऊ द्याव्यात, मग कात्रण दाखवावं. कात्रण आधी दाखवलं की माणूस ते वाचून तेच सांगतो.

आता हक्कांचं. नोकरीत असताना वृत्तपत्रासाठी लिहिलेल्या मजकुरावर, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार मालकाचा हक्क वृत्तपत्र-नियतकालिकात छापण्यापुरता असतो. पुस्तकासाठीचा हक्क लेखकाकडे राहतो. मात्र नेमणूकपत्रात ‘सर्व हक्क’ असं कलम असू शकतं, म्हणून ते पत्र काढून वाचावं. मुक्त लेखकाचा मजकूर त्याचाच. छायाचित्रं वेगळी: आपल्या लेखासोबत छापलेला फोटो छायाचित्रकाराच्या वा वृत्तपत्राच्या लेखी परवानगीशिवाय पुस्तकात घेता येत नाही. गावातल्या गावात ओळखीवर घेतलेले फोटो दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी अडकतात.

प्रकाशकाशी करार करताना मुदत आणि प्रदेश लिहून घ्यावा. कलम १९ नुसार मुदत लिहिली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरते दिले असं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. मराठीत पहिली आवृत्ती बऱ्याचदा पाचशे ते अकराशे प्रतींची आणि मानधन छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास. ३०० रुपयांच्या हजार प्रती सगळ्या खपल्या तर लेखकाला ३०,००० मिळतात, तेही वर्ष-दोन वर्षांत. टक्केवारी छापील किमतीवर की निव्वळ विक्रीवर, हे शब्दांत लिहिलेलं असावं, कारण विक्रेत्याची सूट वजा केली की आकडा बराच खाली येतो. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. तो विकत घेऊन देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

छपाईला जाण्याआधी सर्व धावफलकांचे तेच चार ताळे पुन्हा करावेत, आणि शेवटी नावांची सूची जोडावी. स्थानिक क्रिकेटचं पुस्तक हातात घेणारा वाचक आधी सूची उघडून आपलं, काकाचं किंवा आपल्या संघातल्या यष्टीरक्षकाचं नाव शोधतो, आणि ते सापडलं की लगेच किंमत विचारतो.